तीन धपक्यांची मिठी

टकल्या अकरा वर्षांनी अमेरिकेतून आला आणि डोंबिवली पूर्वेला, स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेसमोर, त्याने मला मिठी मारली.

मिठी मारली याबद्दल माझी तक्रार नाही. अकरा वर्षांनी भेटणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क असतो. तक्रार आहे ती मुदतीबद्दल. आमच्याकडच्या मिठीची एक रीत ठरलेली आहे. आधी लांबूनच एक शिवी. मग उजवा हात हातात, डावा हात पाठीवर, मधलं अंतर राखायला दोघांची पोटं असतातच. मग पाठीवर तीन धपके आणि सुटका. धपके असे की बघणाऱ्याला वाटावं, याच्या घशात सुपारी अडकली आहे आणि तो ती काढतोय. तिसरा धपका पडला की कार्यक्रम संपला, हे सांगावं लागत नाही. टकल्याने धपके मारलेच नाहीत. तो नुसता धरून उभा राहिला. मी माझ्या वाटणीचे तीन मारून घेतले. तो तसाच. मी वरखर्चाचे आणखी दोन मारले. मग हातांचं करायचं काय, ते समजेना. रिक्षावाले बघत होते. त्यांतल्या एकाने शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

माणसं किती वेळ मिठी मारतात, हे कोणीतरी मोजलंही आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या एका संशोधिकेने 2008च्या बीजिंग ऑलिंपिकची चित्रणं बघून खेळाडूंच्या 188 मिठ्या घड्याळ लावून तपासल्या. सरासरी निघाली 3 सेकंद. म्हणजे सुवर्णपदक मिळालं तरी 3 सेकंद, हातचं गेलं तरी साधारण तेवढीच. आमच्या तीन धपक्यांनाही बरोबर तेवढाच वेळ लागतो. आमच्या पूर्वजांनी हे घड्याळाशिवाय साधलं होतं. टकल्याची मिठी माझ्या अंदाजाने अकरा सेकंदांची असावी. वर्षाला एक, असा त्याने हिशोब केला असेल.

टकल्या हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजात त्याचे केस मानेवर रुळायचे, म्हणून आम्ही त्याला टकल्या म्हणू लागलो. आता त्याला खरोखरच टक्कल पडलं आहे, त्यामुळे नावातली गंमत गेली आणि नुसतं वर्णन उरलं. पण बदलणार कसं? मित्राला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणं आमच्यात कोणी करत नाही. ते काम त्याची आई आणि आयकर खातं करतं. टकल्याच्या लग्नाला हॉलबाहेर दोन लग्नांचे दोन फलक होते. दोन्हींवरची नावं अनोळखी. आमच्यातले दोघेजण चुकीच्या लग्नात जेवून, आहेराचं पाकीट देऊन आले. तिथलं मठ्ठा-जिलेबीचं जेवण बरं होतं म्हणाले.

नावाचं तेच बोलण्याचं. आमच्या जिव्हाळ्याचं मोजमाप शिवीत होतं. 'मेला नाहीस अजून?' याचा अर्थ 'बरेच दिवस दिसला नाहीस, काळजी वाटत होती'. 'आला मोठा शहाणा' म्हणजे 'तू म्हणतोस ते पटतंय'. आणि ज्या शिव्या इथे छापता येणार नाहीत, त्यांच्यात तर अख्खी अभिनंदनपत्रं मावतात. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने 1940 साली अशा नात्यांवर एक निबंधच लिहिला. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची खोडी काढायची मुभा असते, कधीकधी सक्तीच असते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही असा दंडक असतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा रोख मुख्यतः लग्नातून जडणाऱ्या नात्यांवर होता. तो आमच्या टपरीवर आला असता तर त्याला चहा तर मिळालाच असता, शिवाय पहिल्या दहा मिनिटांत एक टोपणनाव मिळालं असतं, आणि राग न मानण्याचा दंडक स्वतःवर तपासून बघता आला असता.

या भाषेचा एक धोका असा की तिच्यात सभ्यपणा सगळ्यात भयंकर. माझा एक जुना मित्र होता. काही पैशांवरून थोडं बिनसलं. पुढे महिनाभराने बाजारात भेटला आणि म्हणाला, "नमस्कार, कसे आहात आपण?" मी पिशवीतली मेथी सावरत तिथेच ओळखलं, संपलं. त्याने जर चारचौघांत माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या तर मी रात्री शांत झोपलो असतो.

तर टकल्याची मिठी कशीबशी सुटली आणि आम्ही फडके रोडकडे निघालो. संध्याकाळची वेळ. रस्ता ओलांडायचा होता. दोन्ही बाजूंनी रिक्षा, मधून स्कूटर, आणि उलट दिशेने येणारा एक टेम्पो. मी नेहमीच्या सवयीने टकल्याचा हात मनगटापाशी धरला आणि घुसलो. पलीकडे पोचल्यावर हात सोडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. चार पावलं गेल्यावर टकल्याने विजेचा झटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

"अरे, लोक काय म्हणतील?"

हे तो म्हणाला. ज्याने पाचच मिनिटांपूर्वी मला भर स्टेशनात अकरा सेकंद धरून ठेवलं होतं, तो! मी थांबलोच. म्हटलं, हे एकदा काय ते नीट समजून घेऊ. त्यावर त्याने जे सांगितलं त्याचा सारांश असा की तिकडे दोन पुरुषांनी भेटल्यावर मिठी मारणं साधं, पण हातात हात घालून चालणं म्हणजे निराळाच अर्थ. आणि आपल्याकडे? आमच्या कॉलेजच्या दिवसांत करंगळीत करंगळी अडकवून दोन पोरं अख्खा रस्ताभर फिरायची, कोणाच्या भुवईचा केस हलायचा नाही. खेड्यातल्या आठवडी बाजारात अजूनही मिशावाले दोन गृहस्थ तसे जाताना दिसतात. त्यांतल्या एकाच्या दुसऱ्या हातात कोंबडी असते. त्यांना मिठी मारायला सांगा, दोघेही घाम फुटून पळतील.

या एकाच गोष्टीवरून राष्ट्रांतही गोंधळ झालेला आहे. 2005च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियाचे तेव्हाचे युवराज अब्दुल्ला टेक्सासात अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या मळ्यावर गेले होते. बुशसाहेब त्यांचा हात हातात घेऊन फुलांच्या ताटव्यांमधून चालले. अरबांत ही साधी आदराची रीत. पण अमेरिकेत त्या फोटोवर असा काही हशा पिकला की विचारू नका. तेलाच्या किमतीपेक्षा त्या दोन हातांचीच चर्चा जास्त झाली. मला तर ते फोटो बघताना एवढंच वाटलं होतं, की आता हे दोघे रस्ता ओलांडणार.

स्पर्शाचंच म्हणाल तर मी बारा वर्षं रोज सकाळी 8 वाजून काही मिनिटांच्या फास्ट लोकलने मुंबईला जात होतो. तिथला आमचा ग्रुप अजून आहे. रेल्वेच्या भाषेत लोकलच्या त्या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी. ज्या माणसाला मी आज मिठी मारायला लाजतो, त्याच्या काखेत माझं नाक बारा वर्षं होतं. त्याने कुठला साबण बदलला, कुठल्या दिवशी अंघोळ टाळली, त्याच्या बायकोने मसाल्यात धने जास्त घातले की कमी, हे सगळं मला तोंडाने न विचारता कळायचं. इतकी जवळीक झाल्यावर मिठीत आणखी काय कळायचं राहतं?

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी 2018 साली हिशोब मांडला की नुसत्या ओळखीचा जुजबी मित्र व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, बऱ्यापैकी मित्र व्हायला 90 आणि जिवाभावाचा व्हायला 200च्या वर. आता डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन सव्वादोन तास धरा. 89 दिवसांत काम झालं. म्हणजे तिमाही पास संपला आणि दुसरा काढला, की तुम्ही जिवाभावाचे मित्र. त्यातही हॉलसाहेबांनी तास धरले आहेत ते मोकळ्या, निवांत वेळेचे. एकमेकांच्या पायावर उभे राहून काढलेल्या तासांचा भाव काय लावायचा, ते त्यांनी सांगितलेलं नाही. माझ्या मते एकास तीन लागावा.

पण या ग्रुपमध्ये कोणी कोणाला 'तुझी आठवण आली' असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. सलग दोन दिवस न आलेला माणूस तिसऱ्या दिवशी आला, तर त्याच्याकडे न बघता कोणीतरी फक्त बसलेल्याला म्हणतं, "सरक जरा." आणि तीन जणांच्या बाकावर चौथी सीट तयार होते. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकतं, अर्धं हवेत असतं, आणि तरी त्या सीटसारखं सुख नाही. ठाणं गेलं की बसलेला आपणहून उठतो आणि उभ्याला म्हणतो, "बस, पाय आखडलेत माझे." पाय बिलकूल आखडलेले नसतात. बसणाऱ्याला ते माहीत असतं. तोही 'थँक्यू' म्हणत नाही. तो म्हणतो, "म्हातारा झालास." मग दसऱ्याच्या आधी डब्याला तोरणं लागतात, देवीचा फोटो येतो, पेढे वाटले जातात आणि त्या एका दिवशी, आपट्याचं पान हातात असल्यामुळे, आम्ही रीतसर एकमेकांना भेटतो. तीन धपके. पान नसेल तर हात वर होत नाही.

आणि हे जे पान आहे ना, तेच सगळ्याचं मूळ. आपल्या लोकांच्या मनात माया भरपूर असते, फक्त तिला घराबाहेर पडायला निमित्त लागतं. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतात, याचा अर्थ उरलेले 364 दिवस सूट आहे असाच आम्ही घेतलेला आहे.

माझे थोरले काका सातारा जिल्ह्यातले. कडक माणूस. त्यांनी आपल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवलेला त्या मुलाला आठवत नाही, आणि त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत लोणंद ते तरडगाव चाललो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावून गेला, माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. त्या गडबडीत समोरून काकांच्याच वयाचा एक वारकरी आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघेही एकदम वाकले, एकमेकांच्या पायांना हात लावला, उठले आणि उराउरी भेटले. धपके नाहीत. सेकंद मोजायचं मला सुचलं नाही. दोघेही एकमेकांना 'माउली' म्हणत होते. सत्तरीचा पुरुष दुसऱ्या सत्तरीच्या पुरुषाला आई म्हणत होता आणि दोघांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. मग त्यांनी फुगडी घातली! माझे काका! ज्यांना घरात कोणी शिट्टी वाजवलेली चालत नाही!

मी विचारलं, "काका, जुनी ओळख का?"

"छे," काका म्हणाले, "कोण कुठला, कोणास ठाऊक."

वारीत पालख्यासुद्धा भेटतात. ज्ञानेश्वर आणि सोपानदेव या भावांच्या पालख्यांची बंधुभेट होते, तेव्हा बघणाऱ्या बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. तर अशी ही वारी करून काका घरी परतले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा पुण्याहून खास भेटायला आला. चार तास गाडी चालवून आला. ओसरीवर उभा राहिला. काकांनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं, आता तरी. काका म्हणाले, "चाकांतली हवा बघितली होतीस का निघताना?"

मुलगा 'हो' म्हणाला आणि पाय धुवायला मागे गेला. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटतं, त्याला ते पोचलं असावं.

पुरुषांचं एक वेळ जमतं. पण पुरुष आणि बाई यांची निखळ मैत्री असेल तर मराठी भाषाच हात वर करते. पन्नाशीच्या गृहस्थाने 'ही माझी मैत्रीण' असं म्हणून बघावं. समोरच्याचा चेहरा आधी गोंधळतो, मग समजूतदार होतो, आणि तो समजूतदारपणा फार वाईट. त्यात 1989 साली 'मैंने प्यार किया' आला आणि 'फ्रेंड' लिहिलेली ती टोपी रस्तोरस्ती विकायला आली. त्या चित्रपटातले ते दोघे काही नुसते फ्रेंड राहत नाहीत, हे सगळ्या देशाने पाहिलं. तेव्हापासून 'नुसते मित्र' या शब्दांवर कोणाचा विश्वास उरला नाही. म्हणून आपण 'मानलेला भाऊ' आणि 'मानलेली बहीण' ही सोय काढली. नातं मानायचं, राखी बांधायची आणि मगच एकमेकांच्या डब्यातली भाजी खायची.

माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं एक बाई होत्या. आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करत होतो आणि राखीही कधी बांधली नाही. त्यांना माझ्या साखरेचा आकडा माझ्या बायकोच्या आधी कळायचा. त्यांच्या मुलाचं इंजिनिअरिंगचं फॉर्म-प्रकरण मी तोंडपाठ सांगेन. पण एखाद्या लग्नात त्या नवऱ्याबरोबर आणि मी बायकोबरोबर असा समोरासमोर प्रसंग आला की मी नमस्कार करायला जायचो, तेवढ्यात त्यांचा हात शेकहँडसाठी पुढे आलेला असायचा, मी हात पुढे करेपर्यंत त्यांचे जोडलेले असायचे. मग दोघेही हसून साडीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पुतळ्यांसारखे उभे राहायचो.

आमचा सगळा व्यवहार चालायचा तो एका स्टीलच्या डब्यातून. डबा रिकामा परत करायचा नाही, हा आपल्याकडचा नियम. एकदा त्यांनी त्यातून अळूवडी आणली. मी परत केला तो बायकोने केलेल्या चकल्या भरून. त्यांनी तो दिला डिंकाचे लाडू भरून. असा तो डबा बावीस वर्षं फिरत राहिला. तो मुळात कोणाचा होता, हे आता दोघांच्याही घरात कोणाला आठवत नाही. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, मी दोन वाक्यं बोललो, त्यांतलं एक 'कामात त्या अत्यंत काटेकोर होत्या' असं होतं. त्या दिवशी डबा माझ्याकडे होता. मी मुद्दाम विसरलो. आता तो द्यायला त्यांच्या घरी जावं लागेल, आणि बायको म्हणते करंज्या करू.

बायकांचं आपापसात बरं असतं, असा आम्हा पुरुषांचा समज आहे. माझ्या बायकोच्या मैत्रिणी भेटतात तेव्हा हात हातात असतो, गजरा माळला जातो, 'अगं किती वाळलीस' असं खोटं बोललं जातं, आणि निघते म्हटल्यावर दारात चपला घालून आणखी पाऊण तास. बघून हेवा वाटतो. पण बायकोला एकदा तसं म्हणालो तर ती म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय. तिने मला या वेळी गजरा दिला नाही, बघितलं नाहीत?" मी खरोखर बघितलं नव्हतं. तिथलं खातं रोज लिहिलं जातं आणि शिल्लक पैशापर्यंत जुळावी लागते. आमची उधारी त्यापेक्षा परवडली.

टकल्या पाच आठवडे राहिला. त्याच्या सवयी सगळ्या ग्रुपला जड गेल्या. व्हॉट्सॲपवर तर त्याने कहर केला. आमच्या ग्रुपवर आत्तापर्यंत अंगठ्यावर भागत होतं. कोणाला नातू झाला, अंगठा. कोणाचे वडील गेले, जोडलेले हात. मला मुतखडा असल्याचं मी कळवलं, तेव्हा टकल्याने लाल बदाम पाठवला. मुतखड्याला बदाम! दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग एकाने कुळथाच्या कढणाची कृती टाकली आणि वातावरण निवळलं. ती कृती टाकणारा माणूस त्याच संध्याकाळी अर्धा किलो कुळीथ घेऊन घरी आला, दारातूनच पिशवी दिली आणि "मर त्यात भिजवून" असं म्हणून निघूनही गेला.

टकल्याला सोडायला मी विमानतळावर गेलो. रात्री अडीचचं विमान. टॅक्सीत मी मनाशी ठरवलं होतं की या वेळी धपके मारायचे नाहीत. त्याची पद्धत ती त्याची पद्धत. एवढ्या लांबून आला, आपण अकरा सेकंद धरू, काय बिघडतं? दोन नंबरच्या टर्मिनलपाशी ट्रॉली लावून झाली. पासपोर्ट तीनदा चाचपून झाला. मी दोन्ही हात पसरले आणि त्याला धरलं. पण पाच आठवड्यांत टकल्या पुन्हा आमच्यातला झाला होता. त्याने माझ्या पाठीवर धाडधाड तीन धपके मारले आणि सुटायला बघू लागला. मी तसाच. मागून एक ट्रॉलीवाला "भाईसाब, साइड" म्हणून ओरडला. दारावरचा जवान आमच्याकडे टक लावून बघत होता.

"सोड की आता, गाढवा," टकल्या म्हणाला. "विमान जाईल. आणि तुझ्या टॅक्सीचं वेटिंग चालू आहे."

मग तो मागे न बघता आत गेला. काचेपलीकडे त्याचं टक्कल बराच वेळ दिसत राहिलं, ते लांबून ओळखायला सोपं आहे.

मी घरी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. चपला काढतोय तोवर मेसेज आला. 'पोचलास का?' बारा हजार किलोमीटरांहून लांब निघालेला माणूस मला डोंबिवलीबद्दल विचारत होता. मी सवयीने 'तू मर आधी' असं लिहिलं आणि एकदम लक्षात आलं, विमानात बसणाऱ्या माणसाला हे असं लिहायचं नसतं. पुसलं. 'नीट जा' लिहिलं. हे तर आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं वाटलं. पुसलं. 'परत कधी येणार' लिहिलं आणि ते वाचून माझंच मला कसंतरी झालं, तेही पुसलं. तिकडे त्याला मी काहीतरी लिहितोय असं एवढा वेळ दिसत असणार. शेवटी लिहिलं, 'विमानाच्या चाकांतली हवा बघितलीस का?'

लगेच लाल बदाम आला.

बायको जागीच होती. "कोणाचा?" तिने विचारलं.

"टकल्याचा."

तिने माझ्या हातातून फोन घेतला, माझ्या वतीने एक बदाम पाठवून दिला, आणि कूस बदलून झोपली.